दूध संस्थेचा टीव्ही तळघरात

भिवराबाईंना भोवळ आली ती टँकरच्या रांगेत. दोन हजार सोळाचा मे महिना होता. पाटोद्यापासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात रोज दुपारी दोनच्या सुमाराला टँकर यायचा आणि नेमका भगवानरावांच्या घरासमोर उभा राहायचा. घागर खाली ठेवता ठेवता भिवराबाई बसल्या त्या उठल्याच नाहीत. बायकांनी उचलून सावलीत नेलं, भगवानरावांनी जीप बोलावली. पाटोद्याच्या डॉक्टरांनी दोन बाटल्या सलाईन लावलं आणि सांगितलं, "ऊन लागलंय. पाऊस पडेपर्यंत यांना थंड जागेत ठेवा. दुपारी दाराबाहेर पाऊल नको."

थंड जागा कुठून आणायची? घरात कूलर होता, पण कूलरला पाणी लागतं. कोरडाच लावला तर तो खोलीभर गरम वारं फेकायचा. मग भगवानरावांना तळघर आठवलं.

तळघर ही त्यांच्या मुलाची, बद्रीनाथची, हौस. तो औरंगाबादला इमारतींची कंत्राटं घ्यायचा. गावचं घर बांधताना पायाखाली मुरूम लागला, तर हा म्हणाला, आता खणलंच आहे तर खाली एक खोली काढू. नुसती काढली नाही, तिला फरशी घातली, भिंतींना पांढरा रंग दिला, ट्यूब आणि पंखा लावला. वरून अकरा पायऱ्या उतरल्या की खोली. उजेडाला म्हणून रस्त्याच्या बाजूला वर एक वीतभर उंचीची खिडकी ठेवली होती. खोलीचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षं तिथं ज्वारीची पोती आणि मोडकी पेटी पडून होती. पण मे महिन्यातसुद्धा तिथल्या फरशीवर पाठ टेकली की बरं वाटायचं.

भगवानरावांनी पोती हलवली, खाट टाकली, माठ ठेवला आणि भिवराबाईंना खाली नेलं. पहिल्या दिवशी त्या एक वाजेपर्यंत राहिल्या. मग पायऱ्यांवर पावलं वाजली आणि त्या पदरानं तोंड पुसत ओसरीत येऊन उभ्या राहिल्या.

"वर कावून आलीस?" भगवानरावांनी विचारलं.

"टीव्ही बघाया."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या, चेहरा पांढराफटक. भगवानरावांना धडकी भरली. बाईला टीव्हीशिवाय करमत नसेल तर टीव्हीच खाली न्यावा, असं त्यांनी ठरवलं. वरचा टीव्ही भिंतीत ठोकलेला होता. पण घरात आणखी एक टीव्ही होता, तो त्यांचा नव्हता.

तो दूध संस्थेचा होता. भगवानराव बावीस वर्षं गावच्या महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेचे सचिव होते. सभासद सगळ्या बाया, लिहिण्या-वाचण्यापुरता एक पुरुष. जनावरांच्या आजारांची माहिती दाखवायला म्हणून कधीतरी तो टीव्ही घेतला होता. दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीत गेली, संस्थेच्या दारात सकाळी कॅनचा आवाज येईनासा झाला, आणि मागच्या दिवाळीत संस्थेला कुलूप लागलं. उंदीर वायरी खातील म्हणून टीव्ही भगवानरावांनी घरी आणून चादरीत गुंडाळून ठेवला होता. संस्थेची वस्तू न विचारता वापरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते अध्यक्ष केशरबाईंकडे गेले.

केशरबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "न्या की. भिवराबाईला बरं वाटत असंल तर न्या. पण टीव्ही संस्थेचा हाय बरं का सचिवसाहेब. सभासद बाया बगाया आल्या तर न्हाई म्हणायचं न्हाई."

"न्हाई कशाला म्हणू," भगवानराव हसून म्हणाले. त्यांना ती गंमत वाटली.

टीव्ही खाली गेला. बटण दाबलं, पडद्यावर निळा रंग आला आणि एक इंग्रजी वाक्य इकडून तिकडे फिरत राहिलं. त्यानंतरचे बारा दिवस भगवानरावांना कुणी काय सांगितलं ते नीट कधीच उमगलं नाही.

आधी त्यांनी बद्रीनाथला फोन केला. तो म्हणाला, "आण्णा, दुसरं कनेक्शन घ्या. वरच्यासारखंच. वेगळा बॉक्स, वेगळा रिचार्ज."

"एका घरात दोन रिचार्ज?"

"मग मोबाईलवरच दाखवा ना आईला. मी पॅक मारून देतो."

भगवानरावांनी मोबाईल घेऊन तळघर गाठलं. सातव्या पायरीवर रेंजची एक काडी उरली, नवव्या पायरीवर तीही गेली. ते पुन्हा सातवीवर आले, काडी आली. असं चार वेळा खालीवर केल्यावर त्यांना दम लागला. बाईला सातव्या पायरीवर बसवून सिनेमा दाखवायचा का, असा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला.

पाटोद्याच्या केबलवाल्यानं सांगितलं की त्यांची वायर वेशीच्याही अलीकडे थांबते. तिथल्याच बाजारात मुंजाजीचं छत्र्यांचं दुकान होतं. पावसाच्या नव्हे, टीव्हीच्या. मुंजाजी चाळिशीचा, बोलायला लई गोड माणूस. म्हणाला, "सोपं हाय की. वरच्या बॉक्सातून एक वायर काढू अन् खाली सोडू. एक बॉक्स, दोन टीव्ही. महिन्याचा खर्च तेवढाच."

हे भगवानरावांना पटलं. दुसऱ्या दिवशी मुंजाजी येऊन वायर सोडून गेला. खाली चित्र आलं, आवाज आला. एका वाहिनीवर कीर्तन चाललं होतं, भिवराबाई खाटेवर बसून ते बघू लागल्या. भगवानराव समाधानानं वर आले, पंख्याखाली बसले आणि हवामानाची बातमी लावली. मान्सून अंदमानला कधी येणार ते सांगत होते. पाच मिनिटांत भिवराबाई पायऱ्या चढून समोर हजर.

"तुमी कावून बदललं?"

"काय बदललं?"

"कीर्तन. महाराज रंगात आलते अन् मधीच नकाशा आला."

"मी माझ्या टीव्हीवर बदललं. तुझ्यावर कसं बदलंल?"

"मला काय ठावं? तुमीच लावलंय नव्हं?"

भगवानरावांनी रिमोट उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी भिवराबाईंना वर बसवलं, स्वतः खाली गेले आणि ओरडून सांगितलं, बदल. वर बदललं की खालीही बदलत होतं. फोनवर मुंजाजी शांतपणे म्हणाला, "आता बॉक्स एकच म्हणल्यावर चॅनल एकच राहणार की मामा. त्यो दोन कुठून दाखवील?"

"मग तू आधी कावून न्हाई सांगितलंस बे?"

"तुमी इचारलं न्हाई."

भगवानरावांनी फोन ठेवला. बावीस वर्षं त्यांनी सभेत ठराव मांडले होते. कुठल्याही कामाला हो किंवा नाही, दोनच उत्तरं असायची. इथं प्रत्येक उत्तर हो असायचं आणि काम होत नव्हतं.

पुढचा उपाय गावातल्याच एकानं सुचवला. सरकारी फुकटची छत्री. एकदाच विकत घ्यायची, मग महिन्याला काही देणं नाही. वाहिन्या थोड्या, पण कीर्तनं भरपूर. मुंजाजीकडेच ती मिळाली. त्यानं गच्चीवर छत्री बसवली, वायर भिंतीवरून खाली आणून खिडकीतून तळघरात घेतली आणि पाटोद्याला निघून गेला, कारण त्या दिवशी त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं.

तो गेल्यावर चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले. निवेदकाचं तोंड एकीकडे, टाय दुसरीकडे. मग भगवानराव डोक्याला पंचा गुंडाळून भर उन्हात गच्चीवर चढले. छत्री हातानं जराशी वळवायची आणि खिडकीच्या दिशेनं वाकून विचारायचं.

"आलं का?"

खालून आवाज यायचा, "आलं."

"नीट आलं का?"

"गेलं."

"आता?"

"आवाज आलाय. माणूस न्हाई."

अर्ध्या तासानं उलटंच झालं, माणूस आला आणि आवाज गेला. छत्री आभाळाकडे तोंड करून उभी होती. त्या कोऱ्या आभाळात नेमकं कुठं काय आहे आणि छत्रीला ते कसं सापडतं, याचा विचार करून भगवानरावांचं डोकं चालेनासं झालं. ते खाली आले तेव्हा भिवराबाईंनी त्यांना माठातलं पाणी दिलं आणि नुसतं बघत राहिल्या.

"आता तुमाला बी ऊन लागंल," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

"असं कसं ऱ्हाऊ द्या? तू वर येऊन पडलीस म्हंजे?"

लग्न उरकून मुंजाजी परत आला. त्यानं वायर हातानं चाचपत चाचपत भिंतीवर शोध घेतला, तर मधे दोन तुकडे पीळ देऊन जोडलेले निघाले. जोड त्यानंच दिला होता. "अखंड वायर त्या दिशी संपली होती," तो म्हणाला. नवी एकसंध वायर टाकली आणि खाली आरशासारखं स्वच्छ चित्र आलं. भगवानरावांनी एकेक वाहिनी लावून बघितली, वर जाऊन वरच्या टीव्हीवर दुसरी लावली, परत खाली येऊन खात्री केली. सगळं आपापल्या जागी होतं. त्या दिवशी भिवराबाई संध्याकाळपर्यंत खालीच राहिल्या.

आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता पायऱ्यांवर पावलं वाजली.

भगवानराव तेव्हा ड्रम घेऊन टँकरकडे निघाले होते. भिवराबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. खालून टीव्हीचा आवाज येत होता.

"बंद पडला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. चांगला चालायलाय."

"मग?"

भगवानरावांनी ड्रम खाली ठेवला. गेल्या बारा दिवसांत त्यांनी सगळ्यांना सगळं विचारलं होतं. बायकोला एवढंच विचारलं होतं की आलं का आणि गेलं का.

"तुला टीव्ही नगं व्हता का?"

"म्या कवा मागितला? पहिल्या दिशी इचारलं वर कावून आलीस, तर कायतरी सांगावं म्हणून म्हणले टीव्ही. तुमी त्योच धरून बसलात."

"अगं मग सांगायचं की."

"काय सांगायचं?" त्या रांगेकडे बघत होत्या. "जनावरं गेली तवाधरनं हाताला काम न्हाई. सकाळी संस्थेत दूध घालाया जायचे तर चार बायका भेटायच्या. ती बंद झाली. मग ह्यो टँकर व्हता. आता तिथं तुमी जाताव. खाली त्या खिडकीतून मला नुसते पाय दिसतेत. वच्छलाची चप्पल ओळखू येती, पण ती काय बोलायली ते ऐकू येत न्हाई. डॉक्टर म्हणले थंड जागा. हाय की थंड. पण मानूस दिसंना तर म्या तिथं काय करू?"

भगवानराव ड्रम घेऊन रांगेत गेले. बायकांनी नेहमीसारखं त्यांना पुढं घेतलं, पण नळी ड्रममध्ये धरायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. केशरबाईंनी नळी धरली.

"काय झालं सचिवसाहेब?"

त्यांनी सांगितलं. सरळ सांगता येईना, कारण त्यांनाच नीट कळलेलं नव्हतं. छत्रीचं सांगितलं, सातव्या पायरीचं सांगितलं, टीव्ही चालू झाल्याचं आणि तरी बाई वर आल्याचं सांगितलं. केशरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मागं वळून वच्छलाबाईंना म्हणाल्या, "पानी घरी टाकून ये. रतनला बी संगं घी. संस्थेचा टीव्ही बगाया जायचंय."

अर्ध्या तासात चौघी आल्या. केशरबाई, वच्छलाबाई, रतनबाई आणि तिची सासू बायनाबाई, जिला पायऱ्या उतरताना दोघींनी धरलं. रतनबाईनं अर्धी शिवलेली गोधडी आणली होती. तळघरात शिरताच बायनाबाई फरशीवर तळवे टेकून म्हणाली, "आगं माय, हितं तर माघ महिना हाय." भिवराबाई खाटेवरून उठून खाली त्यांच्यात बसल्या. कोणाच्या शेळीला पिल्लं झाली, कोणाची लेक बाळंतपणाला आली, छावणीत कोणाच्या बैलाला दुसऱ्याच्या बैलानं मारलं, सगळं एकदम सुरू झालं. गोधडीची एकेक बाजू दोघींनी धरली.

भगवानराव पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. टीव्हीवर एक माणूस हळदीच्या लागवडीबद्दल बोलत होता. त्याच्याकडे पाचजणींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं. जरा वेळानं ते खाली उतरले आणि बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या की," केशरबाई म्हणाल्या.

"कुनी बघत न्हाई तर कशाला उगं?"

"आसू द्या. चालू बरा वाटतुया."

भगवानरावांनी भिवराबाईंकडे पाहिलं. त्याही म्हणाल्या, "आसू द्या." बारा दिवस ज्यासाठी ते खपले तो टीव्ही नको होता, आणि आता बंद करायचा तर तोही नको होता. यातलं कुठलं खरं धरायचं ते त्यांना कळेना. त्यांनी हात मागं घेतला.

"मंग आवाज तरी कमी करू का?"

"जरासा," भिवराबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "अन् वर जातानी चहाचं आधण ठिवा. पानी केशरबाईनं आणलंय, त्या तांब्यात हाय."

भगवानरावांनी तांब्या उचलला. त्यांचा चेहरा बराच उतरला होता, पण बायकोचा चेहरा दोन आठवड्यांत पहिल्यांदा खुललेला त्यांनी पाहिला आणि ते पायऱ्या चढू लागले. स्वयंपाकघरात चहाची पूड कुठल्या डब्यात आहे, हे काही त्यांना कळेना. खाली जाऊन विचारावं की नाही, याचा विचार करत ते बराच वेळ फळीसमोर उभे राहिले.