किरणांची कड

मिसेस पास्को बोलिंग क्लबाच्या सोडतीत मटणाचा ट्रे जिंकल्या, तो घ्यायला उठल्या आणि खुर्चीच्या पायात पाय अडकून पडल्या. वय शहाऐंशी. उजव्या मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या टेबलावर होत्या. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं, पाय बुटात बांधून ताणलेला, आणि छातीच्या वर निळा पडदा. पडद्यापलीकडे त्या पूर्ण जाग्या होत्या.

"माझा ट्रे कुणाकडे आहे? चांगल्या चॉप्स होत्या त्यात."

"मीच खाल्ल्या, मिसेस पास्को," फर्गस म्हणाला. फर्गस आमचा हाडांचा सर्जन.

"वाटलंच. भरल्या तोंडाने बोलल्यासारखा आवाज येतोय तुझा."

हत्यारं देणारी नर्स हसली. मी सी-आर्म आत ढकलत होते. सी-आर्म म्हणजे चाकांवरची मोठी लोखंडी कमान. तिच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला ते किरण झेलणारी चकती, आणि मध्ये रुग्ण. या शस्त्रक्रियेत सर्जन मांडी उघडत नाही. वर एक लहानसा छेद घेतो आणि हाडाच्या पोकळीतून सळई घालतो. हाड त्याला दिसतं ते फक्त माझ्या यंत्राच्या पडद्यावर. म्हणून तो सारखा म्हणतो, "दाब." मी बटण दाबते, यंत्र टीं करतं आणि हाडाची करडी सावली उमटते. दाबण्याआधी "एक्स-रे!" असं ओरडायचं. ज्यांना मागे होता येतं ते होतात.

गेला महिनाभर मात्र मी दाबत नव्हते. मी कमान जागेवर लावायची आणि मग केलने पुढे यायचं.

"चल, हो बाजूला. दोघंही," तो म्हणाला.

दोघंही, म्हणजे मी आणि माझं पोट. मी बटणाची वायर त्याच्या हातात दिली आणि शिशाच्या उभ्या पडद्यामागे गेले. केल आमच्या क्ष-किरण विभागातला सगळ्यात जुना माणूस. त्याची पाठ गेलेली आहे. शिशाचा एप्रन वीट बांधल्यासारखा जड असतो. स्वतःच्या वाटणीच्या शस्त्रक्रिया संपवून तो माझ्याही शस्त्रक्रियांना तो एप्रन घालून उभा राहत होता, आणि वर विचारायचा, काही खाल्लंस का.

दिवस गेले की आमच्याकडे सांगावं लागतं. मी लगेच सांगितलं होतं. मग मला दुसरा बिल्ला मिळाला, किरणांची मात्रा मोजणारा, एप्रनच्या आत कमरेला लावायचा. तो आजही लावलेला होता. आत मोजण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. गेल्या शनिवारी घरी, न्हाणीघरात, ते संपलं.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पहिला प्रश्न काय येणार ते मला ठाऊक होतं. मशीनमुळे का? उत्तर नाही असं होतं. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण एप्रनवर येईपर्यंत थोडे उरतात, एप्रनच्या आत जवळजवळ काहीच पोचत नाही, अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते, आणि मी तर पडद्यामागे होते. पाच-सहा गर्भांतला एक असाच जातो, बँकेत बसणाऱ्या बाईचाही जातो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण ते एकेकाला म्हणून दाखवायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर "तरीपण" बघायचं, एवढं माझ्याने होणार नव्हतं. मी रडलेही नव्हते. माझा नवरा डॅन कामाला खाणीवर होता, फोनवर तोच रडला. मी त्याला म्हटलं, पाणी पी.

"दाब," फर्गस म्हणाला.

"एक्स-रे," केल म्हणाला. टीं.

समोरून हाड ठीक बसलं होतं. मी बाहेर आले, कमान फिरवून बाजूने लावली आणि पुन्हा मागे गेले. टीं. बाजूने बघितलं तर खालचा तुकडा मागे ओघळलेला. अशा मोडीत असं होतं. मांडीचं वजनच त्याला खाली खेचतं.

"कुबडी आणा," फर्गस म्हणाला.

कुणी हललं नाही.

"आपली ती लाकडी कुबडी. कापलेली. मांडीखाली टेकवायची."

"ती नाही आता," तालिया म्हणाली. तालिया म्हणजे खोलीत हवं-नको बघणारी नर्स, ईस्टरला लग्न झालेली. "तपासणीवाले आले होते ना, त्यांनी विचारलं, हे काय आहे. कुणाला नाव सांगता येईना. टाकून दिली."

"नाव? कुबडी! कुबडी हेच नाव!"

"तिला यादीतला नंबर नव्हता, फर्गस."

"मला तरी कुठं नंबर आहे? उद्या मला टाका."

"ते ठरायचंय," केल म्हणाला.

"माझ्यावरून भांडताय का?" पडद्यापलीकडून मिसेस पास्को.

"तुमच्या मांडीवरून," फर्गस म्हणाला.

"पन्नास वर्षांनी कुणीतरी भांडतंय."

आता कुणीतरी खालून हातांनी मांडी उचलून धरायची होती, आणि धरून ठेवूनच चित्रं घ्यायची होती. फर्गसचे आणि हत्यारं देणाऱ्या नर्सचे हात निर्जंतुक, ते चादरीखाली जाऊ शकत नव्हते. भूलतज्ज्ञ डोक्याशी अडकलेला. केलला पाठीमुळे वाकता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"तालिया, एप्रन घातलायस ना? ये खाली," फर्गस म्हणाला.

ती गुडघ्यांवर बसली, चादरीखाली गेली. "बापरे, काय जड आहे!"

"ऐकू येतंय मला," मिसेस पास्को म्हणाल्या.

"अजून वर. अजून. धर तिथंच. दाब."

टीं. पडद्यावर मांडीचं हाड उमटलं, आणि त्याच्या शेजारी चार बोटं. बारीक हाडं, सांध्यांतल्या फटी, आणि एका बोटावर अंगठीचं काळं कडं. थेट किरणांत.

"हात मागे घे," केल म्हणाला.

"कुठं मागे? मला इथून काही दिसत नाही."

"पायाकडे."

तिने हात सरकवला. मांडी खाली आली. "नाही, नाही, गेलं," फर्गस म्हणाला. "पुन्हा वर घे. दाब." टीं. आता फक्त दोन बोटं, आणि अंगठी.

किरण जाणवत नाहीत. उन्हासारखे लागत नाहीत, बोचत नाहीत. त्यांची कड कुठे आहे हे चित्र बघितल्याशिवाय कळत नाही, किंवा मग कमान रोज लावणाऱ्या माणसाला कळतं. मला ती कड चादरीवर खडूने काढल्यासारखी माहीत होती.

मी पडद्यामागून बाहेर आले.

"तालिया, तू हो. मी धरते."

"वेडी का तू?" केल म्हणाला. "जा आत."

"मला माहीत आहे कुठं धरायचं ते."

"बियांका, जा म्हटलं ना. पोटुशी बाई किरणांत हात घालणार आणि मी बटण दाबणार?"

"नाहीये मी पोटुशी. शनिवारी गेलं."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. कमान दोन बोटं डावीकडे घ्या, असं सांगावं तसा. फर्गस हात वर धरून तसाच उभा राहिला. तालिया चादरीखालून बाहेर आली, केस विस्कटलेले. तिने माझ्याकडे बघितलं, मग सी-आर्मकडे.

"याच्यामुळे?"

"नाही."

एवढंच म्हटलं. आकडे तयार होते, ते निघाले नाहीत.

मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात चादरीखाली घातले. मांडी गार होती, सैल, ओल्या पिठासारखी. कडेपासून चार बोटं पायाकडे तळवे रोवले आणि कोपरं स्वतःच्या मांड्यांवर टेकवून उचललं.

"आत्ता बोलली ती मुलगी कुठंय?" मिसेस पास्कोंनी विचारलं.

"इथं. खाली."

"माझेही दोन गेले. मी तेव्हा शाळेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायचे. सगळे म्हणाले, पाण्यातल्या औषधाने गेले. सासू म्हणाली, शिट्टी फुंकून फुंकून."

कुणी हसलं नाही. मग मिसेस पास्को स्वतःच थोड्या हसल्या.

"शिट्टी," त्या म्हणाल्या. "काय बाई एकेक."

केल अजून बटण धरून उभा होता. त्याचा अंगठा बटणावर नव्हता.

"बाहेर आहेस कडेच्या?" त्याने विचारलं.

"चार बोटं."

"नक्की?"

"केल, दाब."

त्याने "एक्स-रे" म्हटलं, पण ओरडला नाही. टीं. मला खालून पडदा दिसत नव्हता. मला चादरीची निळी शिवण दिसत होती आणि माझीच मनगटं.

"हात नाही चित्रात," केल म्हणाला.

"आणि हाड सरळ आहे," फर्गस म्हणाला. "अगदी सरळ. बियांका, हलू नकोस. मी आता तार घालतो, मग सळई. वेळ लागेल. धरवेल?"

मांडीचं सगळं वजन तळव्यांवर आलं होतं. तळव्यांतून ते मनगटांत उतरत होतं, मनगटांतून कोपरांत, हळूहळू.

"जड आहे का गं मी?" मिसेस पास्कोंनी विचारलं.

"आहात," मी म्हटलं. माझं नाक वाहायला लागलं होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तालिया गुडघ्यांवर आली आणि कापसाने तिने ते पुसलं. मग परत वाहिलं, तिने परत पुसलं. दर वेळी केल "एक्स-रे" म्हणायचा तेव्हा ती उठून मागे जायची, आणि टीं झालं की परत यायची.