अंजूचा पत्ता

इंद्रभान वकिलांची सगळी उमर बांधाच्या भांडणांत गेली होती. घरात मार खाणाऱ्या बायांचे खटले फुकट चालवण्याचं प्रशिक्षण त्यांनी जालन्यात घेतलं, तेव्हा कायदा त्यांना सोपा वाटला. बाईचा ठावठिकाणा कुणालाही कळू द्यायचा नाही, असं तिथे शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी बजावलं, तेव्हा तर ते हसलेच.

"मॅडम, एवढं तर शेंबडं पोरगंही जाणतं."

पहिलीच केस अंजूची आली. नवऱ्याचं, वसंताचं, वडीगोद्रीला हायवेवर पंक्चरचं दुकान. टायर काढायच्या पहारीनं त्यानं तिचा हात मोडला होता. ती पोरीला घेऊन हसनाबादला मानलेल्या मावशीकडे लपली होती. ती कुठल्या भागात आहे हे कळू नये म्हणून इंद्रभानांनी अर्ज मुद्दाम अंबडच्या कोर्टात लावला आणि तिच्या पत्त्याच्या जागी आपल्या ऑफिसचा पत्ता घातला. सगळं बराबर.

चूक झाली ती चहाच्या टपरीवर. दोन्ही बाजूंचे वकील चहा पितापिता तारीख ठरवत, म्हणजे पक्षकारांचे हेलपाटे वाचत. बांधाच्या केसमध्ये यात लपवायचं काय? दोघांची शेतं एकमेकांना लागूनच.

वसंताचे वकील राधेश्याम म्हणाले, "सोमवारी सकाळीच घ्या की, साहेब."

"सकाळी न्हाई जमायचं. हसनाबादहून जालना, जालन्याहून अंबड. बाई पोचंपर्यंत दुपार होती."

"मंग दुपारी घेऊ. त्यात काय!"

सोमवारी अंजू आली ती वसंताच्या मोटारसायकलवर. वसंता राधेश्यामांबरोबर केस मागे घेण्याचा अर्ज टाईप करून घ्यायला गेला, तेवढ्यात इंद्रभान तिच्याजवळ आले.

"तू याच्यासंगं कशी?"

"हसनाबादला घरोघर विचारत आल्ते. पोरगी अंगणात खेळून राह्यल्ती. उचलून गाडीवर घातली."

"कुठंय ती?"

"सांगत न्हाईत. केस काढून घेतली की दावतो म्हणले." ती थांबली. "त्या गावात माझं कुणी हाय, हे त्यांना ठावंच नव्हतं, दादा. कोण बोललं आसंल?"

इंद्रभान तिच्याशेजारी टेकले. "मीच. चहा पिताना तोंडून गेलं."

अंजू बाकावर जराशी पलीकडे सरकली.

"आपण न्यायाधीशांना सांगू," ते घाईनं म्हणाले. "बंद दाराआड ऐकतात. पोरीचा ताबा आजच मागू."

"आन् पोलीस पोचंपर्यंत? तुमच्या पाया पडते, आत काही बोलू नका."

आत न्यायाधीशांनी तिला विचारलं, "अर्ज स्वखुशीनं काढून घेताय?"

"हो."

"वकीलसाहेब, तुम्हाला काही म्हणायचंय?"

इंद्रभान उभे राहिले. वसंता मागच्या बाकावर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. अंजूनं मान वळवली नाही.

"काही नाही, साहेब."

ते तिच्या मागोमाग बाहेर आले. वसंतानं गाडीला किक मारली.

"पोरगी कुठंय?" अंजूनं विचारलं.

"आधी घरी चल. मंग बघू."

इंद्रभान पायरीवरच थांबले. अंजू गाडीवर मागे बसली.