मोबाइलसमोरचे हात

रामकिसननं तांब्याच्या चार तारा एकदम उचलल्या, मोटरच्या खाचेत दाबल्या आणि वरून बांबूच्या कामटीनं ठोकून बसवल्या. समोर स्टँडवर नजमाचा मोबाइल उभा होता.

"काका, जरा हळू. बोटं नीट दिसू द्या," नजमा म्हणाली.

"दिसतायत की! ह्याच्यात काय जादू हाय व्हय?"

जादूच होती, पण ती दाखवायला रामकिसन काय खुळा होता? एरवी तो दोनच तारा घ्यायचा. अंगठ्याच्या नखानं शेजारी शेजारी निजवायचा, एकीवर दुसरी चढू द्यायचा नाही. वेळ लई जायचा, पण तेवढ्याच खाचेत तांबं जास्त मावायचं आणि मोटर तापायची नाही. गंगापुरात तीस वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटरींत नव्या तारा भरताना हाताला लागलेली ही खोड. त्यानं भरलेल्या मोटरीवर नजमाची विजेची रिक्षा महिन्यापूर्वी घाट चढून वेरूळला जाऊन आली, आणि बॅटरी निम्मीसुद्धा उतरली नाही. इंजिनिअर झालेली ही पोरगी पेढे वाटत म्हणाली, "काका, आता आपली कंपनी काढू!"

'आपली' म्हणे! तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. मागं पंपाच्या एका कारखान्यानं त्याला असंच गोड बोलून नेलं होतं. दहा पोरांना शिकवून घेतलं आणि अकराव्या महिन्यात घरी बसवलं. तो संताप अजून गेला नव्हता.

आणि हिची लक्षणंही काही धड नव्हती. चिकलठाण्याच्या शेडमध्ये कामाला माणसं दोनच, ती आणि तो, तरी तो आला की ही लॅपटॉप मिटायची. पुण्याचे दोन साहेब आले, तर त्याला चहा सांगायला पिटाळलं. परवा आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, वर वडलांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

"कुठं सही-बिही करू नका बरं का," घरी आशाबाईनं बजावलं.

"मी काय दूधखुळा हाय?" तो बायकोवरच खेकसला.

सोमवारी नजमानं टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"काका, सही हवी होती."

"आधी वाचून दाखवा. सगळं."

ती हसली आणि इंग्रजीवरून मराठीत सांगू लागली. "हा पेटंटचा अर्ज. मोटर भरायची रीत दुसऱ्या कुणाला उचलता येऊ नये म्हणून. पुण्याचे ते दोघं वकील होते. शोध लावणारा, रामकिसन सांडू गायके, राहणार गंगापूर."

"आन तुमचं नाव?"

"माझं कसं येईल? रीत तुमची आहे. नक्की होईपर्यंत सांगायचं नव्हतं, उगाच तुम्हाला आस लागली असती."

रामकिसननं सहीसाठी पेन उचललं. ती पुढं वाचतच होती. "कारागीर एका वेळी चार तारा घेतो, कामटीनं ठोकून बसवतो... व्हिडिओ बघून शब्दन् शब्द लिहिलाय. उद्या एकदा अर्ज गेला की त्यात नवीन काही घालता येत नाही."

त्याच्या कानाची पाळी तापली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव सरकारी कागदावर मानानं आलं होतं, आणि खाली त्याचीच लबाडी टाइप केलेली होती. सही केली तर खरी रीत कागदावर कधीच यायची नाही. तोंड उघडलं तर ह्या पोरीच्या नजरेतून उतरायचं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की हातातलं पेन कुठं ठेवावं हेही कळेना.

"पोरी, हा कागद पाठवू नगंस."

"का? नाव चुकलंय का?"

"नाव बराबर हाय. रीत खोटी हाय. मी मुद्दाम खोटी दाखवली तुला."

 नजमानं कागद स्वतःकडं ओढून घेतले.

"आणखी काय काय खोटं होतं, काका?"

"काहीच नाय," रामकिसन म्हणाला. तिला ते खरं वाटलं नाही, हे त्याला समोर दिसत होतं.