खाऱ्या पाण्यातला पाया

"दादा, तू बोलत का नाहीस?"

पिलरमध्ये होतो तेव्हापासून मी हे विचारतोय. कुणी उत्तर दिलं नाही. आता शेलार गावच्या रस्त्याकडेला भंगारात पडलोय, तरी तोंडातून तेच निघतं.

मी सळई बोलतोय. 'बोलतेय' म्हणायला हवं, ठाऊक आहे. पण मी कुणाचा तरी धाकटा भाऊ होतो, तेव्हा असाच बोलणार.

एका लांब सळईचे आम्ही दोन तुकडे. आधी कापला गेला तो दादा. पंढरीशेठच्या घराच्या कोपऱ्यातल्या पिलरसाठी आम्हाला खड्ड्यात शेजारीशेजारी उभं केलं, खालची टोकं पायातल्या जाळीला तारेनं बांधून. त्या खड्ड्याची मला भीती वाटली.

"घाबरतोस काय?" दादा म्हणाला. "एकदा काँक्रीट पडलं की आपण पक्के. वर माणसं राहणार आहेत."

काँक्रीटच्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. मुहूर्त टळत होता. पंढरीशेठनं टेम्पोतून खाडीच्या पाण्याची पिंपं आणली. त्याची थोरली बहीण आक्का, तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"पंढरी, पानी खारं हाय रं."

"मंग? बापाचा जल्म मिठागरावर गेला. खाडीनंच पोसला आपल्याला. तिचं पानी आपल्याच घराला बाधंल काय?"

सगळे हसले, आक्काही हसली. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्याच पाण्यात सिमेंट कालवून आमच्या अंगावर ओतलं.

मीठ लगेच चावत नाही. आधी नुसती खाज सुटते. घर उभं राहिलं, मागच्या बाजूला कापड विणायचे लूम लागले. त्यांची खटखट आमच्या अंगात शिरायची. वर पंढरीशेठची लेक भाविका चालायला शिकली. दादा तिची पावलं ओळखायचा. "पोरगी पळाली बघ," म्हणायचा.

दादा बाहेरच्या अंगाला होता. ओल त्याला आधी भिडली. तो फुगला, त्याचे पापुद्रे सुटले. "धर रे, मी आहे," असं रोज म्हणायचा. एक दिवस म्हणाला नाही. त्याचा भार हळूहळू माझ्यावर आला. मी ओरडलो, पण काँक्रीटमधून आवाज बाहेर जातो कुठे?

पिलरला तडा गेला तेव्हा वाटलं, आता तरी कुणी बघेल.

पंढरीशेठनं बघितलं. "घराला सुरकुती पडली," म्हणाला.

"सुरकुती तुझ्या तोंडाला पडू दे," आक्का म्हणाली. "कुनाला तरी दाखव."

"भाविकाची हलद होऊन जाऊ दे, आक्का." आणि त्यानं तड्यावर चकचकीत टाइल्स लावल्या. माझ्यापुढचा उजेडच बुजला.

हळदीला लूम बंद होते. घर माणसांनी भरलं. वरच्या मजल्यावर नाचायला पोरं जमली, बँजोवाले वाद्यं जुळवू लागले. इतकी पावलं! दादा नाही, मी एकटा. यांनी एकदा ठेका धरला की मी टिकत नाही.

इतकी वर्षं मी फुगणं आवरून धरलं होतं. ते सोडून दिलं. गंजलेल्या अंगानं पुढचं काँक्रीट ढकललं, सगळा जीव काढून. टाइल फुटली आणि मोठा ढलपा खाली हळद कालवत बसलेल्या आक्काच्या पाटाशी आदळला.

तिनं आत बघितलं. लाल चुरा, नि त्यात मी.

"खाली या! समदी भायेर निंगा!" आक्का किंचाळली.

"हलदीच्या दिवशी काय वराडतंस, आक्का?" पंढरीशेठ जिन्यातून म्हणाला. पण चुरा बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. पोरं धावत उतरली. भाविका पिवळ्या अंगानंच बाहेर पळाली. पंढरीशेठ शेवटचं पोर खांद्यावर घेऊन निघाला.

घर रिकामं झालं. मला वाटलं, सुटलो.

तुम्ही घर बांधाल तेव्हा पाण्याची चव घ्या. खारं लागलं तर हसू नका, काम थांबवा. आम्हाला गोडं पाणी द्या. आम्हीही कुणाचे भाऊ असतो.

सुटलो म्हणतो, तेवढ्यात आक्का परत आत आली. हळदीची वाटी पाटावरच राहिली होती.

"आक्का, मरू दे ती वाटी!" बाहेरून पंढरीशेठ ओरडला.

वर काहीतरी करकरलं. मी वाकत होतो. दादा, धर रे, मी म्हणालो, आणि दादाच्या वाटणीचंही मीच धरलं. तिनं वाटी उचलली, पदरात घेतली. दारात ठेचकाळली, सावरली. तिचा मागचा पाय उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत मी धरून राहिलो.