टेकू कधी काढायचे

बहिणीच्या स्वयंपाकघराची आणि बैठकीची मधली भिंत धाकट्याने पाडली आणि खोलीत एकही खांब आला नाही. थोरल्याला खुपलं ते नेमकं हेच.

दोघे भाऊ सुतार. मागे बहिणीने हीच भिंत पाडायचं काढलं तेव्हा थोरल्याने मान हलवली होती. छत पेलणाऱ्या लाकडी कड्या त्या भिंतीवर टेकलेल्या. ती गेली तर खाली तुळई येणार, तुळईखाली मधोमध खांब. "मग खांबाला वळसा घालून ताटं ने," तो म्हणाला आणि विषय मिटला. लाकडाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. धाकटाही त्याच्याच हाताखाली रंधा धरायला शिकला होता.

त्या धाकट्याने आता तुळई माळ्यावर चढवली, कड्यांच्या वरून आडवी टाकली आणि एकेक कडी लोखंडी पट्टीने तिला टांगली. खालून पाहिलं तर नुसतं सपाट छत. खाली उरले होते ते काम चालू असतानाचे तात्पुरते टेकू.

"दादाने बघितल्याशिवाय ते हलणार नाहीत," बहिणीने बजावलं.

थोरला माळ्यावर चढला तो चूक शोधायलाच. बॅटरी घेऊन तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगला. दोन्ही टोकं बाहेरच्या भिंतींवर पक्की बसलेली. प्रत्येक कडी मुळात दोन तुकड्यांची, आणि ते तुकडे पाडलेल्या भिंतीवर एकमेकांना चिकटून संपत. हलगर्जी माणूस एक तुकडा टांगतो आणि दुसरा खिळ्यांच्या भरवशावर सोडतो. धाकट्याने दोन्हींना वेगळी पट्टी दिली होती. थोरल्याने प्रत्येक पट्टी चाचपली. एकही ढिली निघाली नाही. तो उतरला तेव्हा केसांत जळमटं होती आणि तोंड कडू झालं होतं.

"काय म्हणतोस, दादा?" धाकट्याने विचारलं.

"बरंय. पण टेकू राहू देत आठवडाभर. लाकूड बसायला वेळ लागतो."

लाकूड केव्हाच बसलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

आठवड्याने थोरल्याने आणखी एक आठवडा सांगितला. मग हवा दमट असल्याचं कारण निघालं. मेव्हणा टेकूंवर शर्ट अडकवू लागला. "एक खांब नको म्हणून एवढा खटाटोप, आता चार झाले. भाग्य लागतं याला!" बहिणीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

एका दुपारी शेजारीण छत बघायला आली. दोघे भाऊ तिथेच होते.

"कुणी केलं हो? आमच्याकडे पाठवाल का?"

"माझ्या धाकट्या भावाने," बहीण म्हणाली. तिच्या आवाजातला तो अभिमान थोरल्याने आजवर फक्त स्वतःसाठी ऐकला होता. तो उठला आणि त्याने जवळच्या टेकूवर हात टेकला. टेकू डुगडुगला.

"टेकूखालची पाचर सैल केलीस?"

"पहिल्याच दिवशी, तू गेल्यावर. छत उतरतं का बघितलं. केसभरही उतरलं नाही."

"मग काढले का नाहीस?"

"तुझा शब्द होता ना, दादा."

शेजारणीने पदर तोंडाला लावला. थोरल्याचं डोकं फिरलं. धाकट्याच्या पिशवीतली हातोडी उचलून त्याने पाचर ठोकली.

"दादा, पुरे. छत उचललं जाईल."

"मला शिकवतोस?" त्याने आणखी ठोकली. टेकूने छत वर रेटलं आणि गिलाव्याला कट्‌कन हातभर तडा गेला.

थोरला त्या तड्याकडे बघत राहिला. क्षणभर त्याला बरंही वाटलं. शेवटी खोट सापडली होती. "बघ" हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडला, कारण सगळे तड्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होते.

"पुट्टी भरली की दिसणार नाही," धाकटा हळूच म्हणाला.

बहिणीने थोरल्याच्या हातातून हातोडी घेतली, पाचर उडवली आणि टेकू आडवा केला. मग दुसरा, मग तिसरा. थोरला दारात जाऊन उभा राहिला, ती एकदा तरी विचारेल म्हणून.

चौथा टेकू खांद्यावर घेऊन ती त्याच्यासमोर आली.

"जरा सरक ना दादा," ती म्हणाली, "हे बाहेर न्यायचंय."