हिरवी काच

"परत गेला व्हय, अव्वा?" निंगप्पा वायरमननं ओट्याला शिडी टेकवत विचारलं.

"गेला म्हनू नगं की रे!" तानाबाईनं त्याला तिथल्या तिथं दटावलं. "दिवेलागनीला असलं तोंडात येतंच कसं तुज्या? शांत झाला म्हनावं."

"बरं, शांत झाला. लईच शांत सोभावाचा हाय की तुमचा बल्ब. सारकाच शांत होतुया."

एरवी तानाबाई खळखळून हसली असती. आज तिचं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं.

त्या रस्त्यानं तिचा नवरा फिरायला गेला होता. सिद्धाप्पाचा सारा जन्म होटगीजवळच्या रेल्वे फाटकावर गेला. गाडी आली की फाटकाशी उभं राहायचं आणि हातबत्तीचा हिरवा उजेड दाखवून, 'लाइन किलेर' म्हणत तिला पुढं सोडायचं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी मोडीत निघालेली एक हातबत्ती त्याला दिली, हार-नारळासकट. पत्र्याचा बंद डबा आणि पुढं हिरवी काच. म्हाताऱ्यानं हौसेनं आत होल्डर बसवून घेतला आणि ती ओट्याच्या आढ्याला टांगली. तेव्हापासून संध्याकाळी या घराचं अंगण हिरवं व्हायचं. शेळ्या हिरव्या, रांजण हिरवा, परातीतली भाकरीसुद्धा हिरवी. त्या उजेडात बसलं की तानाबाईला आपण तळ्याच्या बुडाशी बसलोय असं वाटायचं, आणि ते तिला फार आवडायचं.

जुने तारेचे बल्ब त्या डब्यात वर्षानुवर्षं निमूट जळले. मग ते दुकानातून नाहीसे झाले आणि हे पांढरे एलईडी आले. "म्हातारे व्हाल, पर ह्यो जायचा न्हाय," असं दुकानदार म्हणाला होता. म्हातारे तर ते आधीच झाले होते, आणि बल्ब काही महिनाभर धड टिकेना.

तानाबाईनं आपल्या परीनं सगळं केलं. अंगारा लावला. मीठमोहऱ्या ओवाळून बत्तीची दृष्ट काढली. बल्बची दृष्ट काढणारी बाई साऱ्या सोलापूर जिल्ह्यात दुसरी नसेल! पण करणार काय बिचारी? म्हाताऱ्याच्या डोक्यातलंही एकेक विझत चाललं होतं. आधी लेकीसुनांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते. परवा सकाळी त्यानं तिलाच विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" ती गोठ्यामागं जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. बल्ब गेला की ती आधी म्हाताऱ्याकडं बघायची. हा बल्ब म्हणजे आपल्या म्हाताऱ्याचाच जीव, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि नुसतं मनाचंही नव्हतं ते. म्हाताऱ्याला घर आठवत नव्हतं, पण हिरवा उजेड दिसला की पाय आपोआप आत वळायचे. मागच्या खेपेला बत्ती बंद होती, तर तो घरावरून सरळ पुढं गेला, थेट रुळांवर. माणसांनी धरून आणला म्हणून वाचला.

निंगप्पानं डब्यात हात घातला आणि झटकन मागं घेतला. "अय्यय्यो! भट्टीच की ही! अव्वा, करनी न्हाय आन् दृष्ट न्हाय. जुन्या बल्बाला उष्णता खपायची. ह्याच्या बुडात बारकं मशीन असतंय, त्याला हवा लागती. तुमी त्याला डब्यात कोंडून शिजवताय."

"आन् ह्यांच्या जिवाचं काई न्हाय ना?"

"मामांचा काय संबंद?"

तानाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. निंगप्पानं बत्ती उतरवली, उघड्यावर नवा बल्ब लावला आणि शिडी घेऊन गेला. अंगण लख्ख झालं. तानाबाईनं दिव्याला हात जोडले. वर्षानुवर्षं तळ्याच्या बुडाशी असलेलं घर वर आल्यासारखं तिला वाटलं.

तेवढ्यात बाभळीपाशी सिद्धाप्पा दिसला. धोतर, काठी, फाटकावरची ती सावकाश चाल. दारासमोर येऊन तो थांबला. पांढऱ्या उजेडाकडं त्यानं परक्याच्या घराकडं बघावं तसं बघितलं. आणि पुढं निघाला. बल्बाच्या आनंदात हिरव्या उजेडाचं तानाबाईच्या ध्यानातच राहिलं नव्हतं!

"अहो! अवो, हितं! घर हितं हाय की!"

म्हाताऱ्यानं वळूनही बघितलं नाही. लांबून गाडीची शिट्टी आली.

धावत जाऊन त्याला धरावं, तर तिचे गुडघे कुठं धावायचे! तिनं खाली ठेवलेल्या बत्तीतून काच खसकन ओढून काढली, स्टुलावर चढली आणि काच बल्बपुढं धरली. कडेनं पांढरा उजेड सांडत होता, म्हणून दुसऱ्या हातानं पदराचा आडोसा केला. वाऱ्यात निरांजन न्यावं तसा. अंगण पुन्हा हिरवं झालं.

"सिद्धाप्पा गेटमन!" तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. "लाइन किलेर!"

म्हातारा थांबला. वळला. हिरव्या उजेडाकडं बघून त्यानं हात उंच केला, ड्रायव्हर करायचे तसा. मग सावकाश आत आला आणि स्टुलापाशी उभा राहिला.

"बत्ती हातात धरल्याबिगर गाडी सुटत न्हाय," तो समजुतीनं म्हणाला. "आज डूटीवर तुमी व्हय?"

तिचा हात भरून आला होता, डोळेही. "व्हय," ती म्हणाली. "या. भाकरी वाडते."

दुसऱ्या दिवशी निंगप्पानं सांगितलं, हिरवा बल्बच आणून देतो. तानाबाई नको म्हणाली, "बत्ती हातातच धराय लागती." बल्ब आता पांढराच जळतो, आणि चांगला टिकलाय. रोज संध्याकाळी शेळ्या बांधून झाल्या की ती देवाच्या कोनाड्यातली काच काढते, पदरानं पुसते, आणि बाभळीकडं बघत स्टुलावर उभी राहते.