हुंकार आणि होकार

आमच्या शहरात तारा त्याच, पण त्यांतली वीज विकणाऱ्या कंपन्या सात. ग्राहकाने हवी ती निवडावी, आणि निवड खरोखर त्याचीच आहे ना, हे वीज आयोगाने पाहावं. भौतिकशास्त्र शिकून मी आयोगाच्या तक्रार विभागात लागले तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे तू भांडणं सोडवणार. घरात तर लावतेस."

माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं प्रकरण कडक आत्यांचं. त्यांची लॉन्ड्री आहे. शर्टाच्या कॉलरी त्या इतक्या ताठ करतात की सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. बाकी त्यांच्या स्वभावालाही नाव शोभतं. एका कंपनीने फोनवरच त्यांना आपलं ग्राहक करून घेतलं होतं आणि तासातासाला बदलणारा दर गळ्यात मारला होता. दुपारी तो तिपटीवर जाई, आणि आत्यांचं बहुतेक काम दुपारचंच. त्यांना वाफेची इस्त्री दुपारभर बंद ठेवावी लागे. हॉटेलचे गणवेश वेळेवर जाईनात. हे काम दुसरीकडे देऊ, असा हॉटेलचा निरोप येऊन पडला होता.

"मी नाही म्हटलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही," आत्या म्हणाल्या.

कंपनीकडे मात्र त्या फोनचं ध्वनिमुद्रण होतं, आणि त्यात आत्या "हो" म्हणत होत्या. स्पष्ट, पुन्हापुन्हा.

ऐकून माझं अवसान गळालं. मग परत ऐकलं. आत्यांचं प्रत्येक "हो" विक्रेत्याच्या वाक्याच्या मधेच पडत होतं. उत्तर प्रश्न संपल्यावर येतं. हे त्याआधीच येत होतं. संगणकावर आवाजाचा आलेख काढला तर ते डोळ्यांनाही दिसलं. पण एका फोनवरून निष्कर्ष काढू नये. म्हणून आई आणि मावशीला विचारून त्यांचं फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मावशी बोलत होती, आई भाजी चिरत "हो, हो" करत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मावशी म्हणाली ते पटलं तुला?"

"काय म्हणाली ती?"

सुनावणीच्या दिवशी आयोगाच्या अध्यक्षबाईंसमोर एका बाजूला मी आणि आत्या बसलो होतो, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. "हो म्हणजे हो," ते म्हणाले. "शेंबड्या पोरालाही कळतं."

मी आलेख दाखवून सांगायला लागले. "या ग्राहक फक्त हुंकार भरत होत्या–"

"हो, हो," वकील घड्याळ बघत म्हणाले.

"–दर बदलत राहील, चालेल का, असं त्यांना विचारून कुणी थांबलंच नाही–"

"हो, पुढे बोला."

"–म्हणून ही संमती धरता येत नाही."

"हो, हो. झालं?"

कोपऱ्यात कामकाज टिपून घेणाऱ्या लघुलेखकाचा हात थांबला. हा गृहस्थ आपण बरं, आपलं काम बरं अशातला. थट्टा त्याला जमतच नाही. "मॅडम, वकीलसाहेबांना हे मान्य आहे, असं लिहू का?"

वकील दचकले. "छे, मी नुसता ऐकत होतो."

बोलून गेल्यावर त्यांच्याच ते लक्षात आलं. आत्यांना एकाएकी खोकला लागला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण चष्मा मात्र बराच वेळ पुसत राहिल्या.

करार रद्द झाला. आत्यांना जुना दर दुसऱ्या दिवसापासून परत मिळाला. वर आदेश निघाला तो सातही कंपन्यांसाठी: फोनवर वीज विकताना प्रश्न विचारून थांबायचं, आणि आपण काय घेतोय हे ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय करार धरायचा नाही.

बाहेर आल्यावर आत्यांनी विचारलं, "काय गं, या सातांत चांगली कोण?"

"ते मी सांगायचं नसतं, आत्या. दर शेजारी शेजारी मांडून दाखवते. निवडायचं तुम्ही."

"बरोबर आहे. नाहीतर तूही गळ्यात मारशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाट वाकडी करून लॉन्ड्रीवरून गेले. इस्त्री सुरू होती, दार वाफेने भरलं होतं. हॉटेलचा गाडीवाला गणवेश मोजून घेत होता. आत्यांनी मला हाताला धरून पुढे ओढलं आणि त्याला म्हणाल्या, "ही आमची पोरगी. आयोगात असते."

घरी जाताना कार्यालयाचं ओळखपत्र गळ्यातून काढायचं मी विसरले की मुद्दाम ठेवलं, हे खात्रीने सांगता येणार नाही.